अडवणारा आपल्यातलाच हवा : मुंबई क्रिकेट असोसिएशनला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि अपेक्स कौन्सिलचे सर्व सदस्य,
मुंबई क्रिकेट असोसिएशन, वानखेडे स्टेडियम, मुंबई

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२२. कोईमतूरला दुलीप करंडकाचा अंतिम सामना, शेवटचा दिवस. पश्चिम विभाग जिंकणार हे जवळजवळ नक्की झालेलं. दुसऱ्या डावात २६५ धावा कुटलेला, जेमतेम २० वर्षांचा यशस्वी जैस्वाल फलंदाजाच्या जवळ उभा राहून दक्षिण विभागाच्या रवी तेजाला एकसारखं काहीतरी बोलत होता. पंचांनी समज दिली. कर्णधार अजिंक्य रहाणेने जवळ जाऊन सांगून पाहिलं. तरी तोंड थांबेना, तेव्हा रहाणेने त्याला सरळ मैदानाबाहेर जायला सांगितलं. बदली खेळाडू आला नाही. काही षटकं पश्चिम विभाग दहा जणांनिशी क्षेत्ररक्षण करत राहिला. मग जैस्वाल परत आला आणि पश्चिम विभाग २९४ धावांनी जिंकला.

कर्णधारही मुंबईचा, खेळाडूही मुंबईचा. दोघंही तुमच्याच मैदानांवर घडलेले. त्या दिवशी रहाणेने जे केलं त्याचा जेवढा गवगवा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, असं मला फार वाटतं. कसोटी क्रिकेटमधली चुरस आणि खिलाडूवृत्ती यांवर मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्या एका कृतीत आहे. म्हणून हे पत्र आयसीसीला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. रागाच्या भरात माणूस घसरतो तेव्हा त्याला अडवू शकतो तो त्याच्याच बाजूचा माणूस. समोरचा संघ अडवायला गेला तर भांडण वाढतं आणि सामनाधिकाऱ्यांचा कागद येतो तोवर सगळं घडून गेलेलं असतं.

सामनाधिकाऱ्यांच्या शिक्षेने काय होतं ते अलीकडेच पाहिलं. २६ डिसेंबर २०२४ला मेलबर्नवर विराट कोहलीने षटकांच्या मधल्या वेळेत वाट वाकडी करून ऑस्ट्रेलियाच्या १९ वर्षांच्या सॅम कॉन्स्टासला खांदा मारला. शिक्षा काय, तर मानधनाच्या २० टक्के दंड आणि एक डिमेरिट पॉइंट. एका कसोटीचं मानधन १५ लाख, म्हणजे दंड ३ लाख. कोहलीसारख्या खेळाडूला त्याने काय फरक पडणार? आणि वातावरणात तरी काय फरक पडला? पुढच्याच कसोटीत, सिडनीला पहिल्या दिवसाच्या शेवटच्या षटकात कॉन्स्टास आणि बुमराची तोंडातोंडी झाली. शेवटच्या चेंडूवर बुमराने बाद केलं ते ख्वाजाला, पण आपला अख्खा संघ आनंद साजरा करायला धावला तो दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या कॉन्स्टासच्या अंगावर. त्या सामन्यात बुमराच कर्णधार होता. अडवणार कोण? कॉन्स्टासने स्वतःहून खोडी काढली होती, हे मान्य. पण अकरा जणांनी १९ वर्षांच्या एका मुलाला घेरायचं, हे मला त्या संध्याकाळी बघवलं नाही.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला क्रिकेट म्हणजे सत्यनारायणाची पूजा करायची आहे काय? मुळीच नाही. मी मुंबईच्या क्रिकेटवर वाढलेला माणूस आहे. समोरच्याला एक धाव फुकट द्यायची नाही, विकेट फेकायची नाही, हेच मीही शिकलो. जुलै २०२५मध्ये मँचेस्टर कसोटीत इंग्लंडचा कर्णधार बेन स्टोक्स सामना अनिर्णित सोडवायला हात पुढे करून आला तेव्हा जडेजा ८९वर आणि वॉशिंग्टन सुंदर ८०वर खेळत होते. पहिल्या डावात ३११ धावांची पिछाडी, दुसऱ्या डावाच्या पहिल्याच षटकात शून्यावर दोन बळी गेलेले, आणि तिथून आपला संघ १३०हून जास्त षटकं टिकून राहिला होता. अशा वेळी ज्यांनी सामना वाचवला त्यांनी आपली शतकं सोडून द्यावीत, ही अपेक्षाच चुकीची होती. सामना लवकर संपवायला दोन्ही कर्णधारांची संमती लागते, आपण ती दिली नाही, इतकंच. हॅरी ब्रूककडून हळू चेंडू टाकवून इंग्लंडने नाराजी दाखवली, जडेजा आणि सुंदरने शतकं पूर्ण केली. यात खिलाडूवृत्तीचा कुठेही भंग झाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

विनू मांकड यांचंही तसंच. त्यांच्या नावाचं प्रवेशद्वार तुमच्या स्टेडियमला आहे. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत गोलंदाजी करताना, चेंडू सुटण्याआधीच क्रीझ सोडून पळणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला त्यांनी धावचीत केलं. दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यात याच ब्राउनला त्यांनी आधी ताकीद देऊन मग असंच बाद केलं होतं. समोरचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मांकड यांची बाजू घेतली. तरीही जगाने पाऊणशे वर्षं त्या प्रकाराला मांकड यांचं नाव लावून ते एखाद्या लबाडीसारखं वापरलं. २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या लॉर्ड्सच्या एमसीसी क्लबने तो नियम ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून धावचीतच्या कलमात घातला तेव्हा कुठे तो डाग पुसला गेला. नियमात राहून घेतलेल्या विकेटबद्दल कुणी कुणाची माफी मागू नये. मैदानावरच्या मुलांनाही हे स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर ‘खिलाडूवृत्ती’ म्हणजे समोरच्याला सूट देणं, असा समज होतो, आणि मग कुणालाच ती नको असते.

माझा आक्षेप आहे तो चामडीच्या रंगावरून, आईबहिणीवरून बोलण्याला. झेल जमिनीला टेकला हे ठाऊक असूनही अपील करण्याला. पंचांच्या अंगावर धावून जाण्याला. बाकी चुरस हवी तेवढी असू दे.

आणि यात आपला इतिहास काही स्वच्छ नाही. १० फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. लिलीच्या चेंडूवर सुनील गावसकर पायचीत दिले गेले. चेंडू आधी बॅटला लागला होता, असं त्यांचं म्हणणं. निकालावर चिडलेले, त्यात जाताना ऑस्ट्रेलियनांचे शब्द कानावर पडले, आणि ते मागे फिरून दुसऱ्या टोकाच्या चेतन चौहानलाही बरोबर घेऊन निघाले. सामना तिथेच सोडून दिल्यासारखा झाला असता. सीमारेषेजवळ संघाचे व्यवस्थापक, विंग कमांडर दुराणी आडवे आले. चौहानला त्यांनी परत पाठवलं, गावसकर आत गेले. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे: कपिलने दुखऱ्या पायाने २८ धावांत ५ बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ धावांत संपली, आपण ५९ धावांनी जिंकलो आणि मालिका बरोबरीत सोडवली. दुराणी त्या सीमारेषेवर उभे राहिले नसते तर आपल्या क्रिकेटमधला एक मोठा विजय आपल्या नावावर नसता. गावसकरांनी नंतर स्वतःच त्या कृतीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. मला त्यांच्या असंख्य खेळ्यांइतकंच ते कबूल करणं मोठं वाटतं.

आता वानखेडेकडे येतो.

फेब्रुवारी १९८०, बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध एकमेव कसोटी. खग्रास सूर्यग्रहण असल्याने दुसऱ्याच दिवशी विश्रांतीचा दिवस ठेवला होता. भारत सर्वबाद २४२. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. बॉथमच्या जोडीला विकेटकीपर बॉब टेलर. कपिलच्या चेंडूवर मागे झेल गेल्याचं अपील झालं आणि पंच हनुमंत राव यांनी बोट वर केलं. टेलर घुटमळला, त्याच्या मते बॅटला काही लागलं नव्हतं. गुंडप्पा विश्वनाथ स्लिपमध्ये होता, कर्णधारही तोच. बॅटला चेंडू लागलेला नाही, याची त्याला खात्री होती. त्याने पंचांना विनंती करून अपील मागे घेतलं आणि टेलरला परत बोलावलं.

क्षणभर त्याच्या जागी उभं राहून बघा. कर्णधार म्हणून त्याची ही दुसरीच कसोटी. ती शेवटचीही ठरणार होती. समोर सहा बाद होऊ पाहणारा संघ, निकाल पंचांनी दिलेला, आकाशवाणीवर अख्खा देश ऐकतो आहे. तो काहीच बोलला नसता तरी कुणी त्याला दोष दिला नसता. पंचांचा निकाल अंतिम, एवढं म्हणून मोकळा झाला असता. टेलर आणि बॉथमने सहाव्या विकेटसाठी १७१ धावा जोडल्या. टेलर ४३, बॉथम ११४. बॉथमने सामन्यात १३ बळी घेतले आणि इंग्लंडने दहा गडी राखून सामना जिंकला.

ही गोष्ट मी अनेकांकडून ऐकली आणि बहुतेक सांगणारे शेवटी पुस्ती जोडतात: ‘पण हरलो ना.’ हो, हरलो. ती हार त्या गोष्टीतून वगळता येणार नाही आणि वगळूही नये. विश्वनाथने जे केलं त्याची किंमत पडली आणि ती त्याने मोजली. फुकटात मिळणाऱ्या मोठेपणाचं मला अप्रूप नाही. त्या सामन्यात बॉथमसारखा खेळाडू भरात होता, टेलर बाद राहिला असता तरी आपण जिंकलोच असतो असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण समजा जिंकलो असतो, तरी विश्वनाथला आतून जे माहीत होतं ते बदललं नसतं.

अपील मागे घेणं फक्त क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या कर्णधाराच्याच हातात असतं. नॉटिंगहॅमला २०११ मध्ये चहापानाला धोनीने धावचीत दिलेल्या इंग्लंडच्या इयन बेलला परत बोलावलं, तेव्हाही विनंती इंग्लंडने केली, पण निर्णय आपल्या ड्रेसिंग रूममध्ये झाला. २०२३ मध्ये चेंडू संपला असं समजून क्रीझबाहेर पडलेल्या इंग्लंडच्या बेअरस्टोला यष्टिचीत केल्यावर लॉर्ड्सच्या लाँग रूममध्ये ऑस्ट्रेलियन खेळाडूंना शिवीगाळ झाली, तेव्हा एमसीसीने आपल्याच तीन सदस्यांना निलंबित केलं. ऑस्ट्रेलियाचा विकेटकीपर कॅरीने घेतलेली ती विकेट नियमाला धरून होती, हेही इथे सांगून टाकतो.

तुमच्या स्टेडियमची एक कटू आठवणही लिहिल्यावाचून राहवत नाही. ऑक्टोबर २००७, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा एकदिवसीय सामना. काही प्रेक्षकांनी अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडचाळे केले. वर्तमानपत्रांत फोटो आले, आपल्या शहराची मान खाली गेली. अडीच महिन्यांनी सिडनी कसोटीत हरभजन आणि सायमंड्सचं प्रकरण पेटलं. हरभजनवर तीन कसोटींची बंदी, अपील, सुनावणी, शेवटी वर्णद्वेषाचा आरोप टिकला नाही आणि निम्म्या मानधनाच्या दंडावर मिटलं. सिडनीत नेमकं कोण काय बोललं यावर लोक आजही वाद घालतात. वानखेडेवर काय झालं यावर वाद नाही, ते कॅमेऱ्यात आहे. त्या स्टँडमध्ये शेजारी बसलेले शेकडो लोक होते. त्यांच्यातल्या चौघांनी जरी ‘अरे ए, गप बस’ म्हटलं असतं तरी पुरे होतं.

याच्या उलट चित्र जानेवारी २०२१ मध्ये सिडनीलाच दिसलं. मोहम्मद सिराज सीमारेषेवर उभा असताना प्रेक्षकांतून त्याला घाणेरडं बोललं गेलं. सिराज कर्णधार रहाणेकडे गेला, रहाणे पंचांकडे. खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं. पंचांनी हवं तर मैदान सोडा असं सुचवलं. रहाणेचं म्हणणं होतं, आमची काही चूक नाही, आम्ही खेळणार. त्याच कसोटीच्या शेवटच्या दिवशी विहारी आणि अश्विन दुखापती घेऊन ४० हून जास्त षटकं उभे राहिले. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेन यष्टींमागून अश्विनला नको ते बोलला, त्या नादात त्याने झेलही सोडला आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांना बोलावून माफी मागितली. पुढची ब्रिस्बेन कसोटी जिंकल्यावर रहाणेने आधी ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनला, त्याच्या शंभराव्या कसोटीबद्दल, सगळ्यांच्या सह्यांची भारताची जर्सी दिली. महिनाभर त्या माणसांशी इतक्या इरेने लढल्यावर त्याला हे सुचलं. मुंबईत परतल्यावर सोसायटीतल्या लोकांनी आणलेला कांगारूचा केक कापायलाही तो नाही म्हणाला.

मी मैदानांवर पंचगिरी करतो, त्यामुळे वरचं खाली कसं झिरपतं ते मला समोर दिसतं. एका खासगी स्पर्धेत १४ वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. शेवटची जोडी खेळत होती. अकराव्या नंबरच्या मुलाचं हेल्मेट डोक्याला मोठं होतं, प्रत्येक चेंडूनंतर तो ते ग्लोव्हजने मागे सारायचा. शॉर्ट लेगचा मुलगा त्याच्याशी बोलायला लागला. आधी ‘बघ, बघ, घाबरला’, मग थेट आईवरून. फलंदाजाचे ओठ थरथरत होते, पण तो स्टान्स घेऊन उभा राहिला. मी कर्णधाराला बोलावलं. विकेटकीपर होता, चुणचुणीत मुलगा. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं नाही, तंबूत बसलेल्या कोचकडे पाहिलं. कोच तिथूनच ओरडला, ‘सर, ॲग्रेशन आहे पोरांत, मारू नका ते!’ आणि पालक हसले. त्या कर्णधाराला काय करावं ते कळत होतं, असं मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्याला पाठबळ नव्हतं. मी रिपोर्ट लिहिला, तर संध्याकाळी आयोजकांपैकी कुणाचा तरी फोन: ‘मुलांच्या करिअरचा प्रश्न आहे, जाऊ द्या ना.’

त्या शॉर्ट लेगच्या मुलाला मी दोष देत नाही. मोबाइलवर त्याने हेच पाहिलेलं. खांदा मारण्याची क्लिप त्याच्यापर्यंत लगेच पोहोचते. रहाणेने जैस्वालला बाहेर काढल्याची पोहोचत नाही.

म्हणून तुमच्याकडे काही मागणं आहे. क्रिकेटच्या कायद्यात २०१७पासून ४२वं कलम आहे. गैरवर्तनाच्या चार पातळ्या, पाच धावांच्या दंडापासून काही षटकं किंवा उरलेला पूर्ण सामना बाहेर बसवण्यापर्यंतचे अधिकार पंचांना आहेत. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सगळी भिस्त सामन्यानंतरच्या दंडावर आहे, मैदानातल्या या शिक्षा फार कमी ठेवल्या आहेत. तुम्ही मात्र हॅरिस आणि जाइल्स शील्ड या शालेय स्पर्धांपासून क्लबांच्या कांगा लीगपर्यंत त्या काटेकोर लावा. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना आणि कोचना एकत्र उभं करून सांगा, की पहिली कारवाई कर्णधाराने करायची आहे आणि जो कर्णधार आपल्या खेळाडूला स्वतःहून बाहेर काढेल त्याच्या पाठीशी असोसिएशन उभी राहील. निवडसमितीनेही ती गोष्ट त्या कर्णधाराच्या जमेच्या बाजूला धरावी. पंचाने दिलेला रिपोर्ट फोनवर मिटू नये, त्यावर काय झालं ते पंचाला लेखी कळावं.

दुसरं मागणं प्रेक्षकांसाठी. डिसेंबर २०२१ मध्ये याच शहरात जन्मलेल्या, लहानपणी न्यूझीलंडला गेलेल्या एजाज पटेलने वानखेडेवर एका डावात आपल्या दहाही विकेट घेतल्या, तेव्हा लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. द्रविड, कोहली आणि सिराज त्याचं अभिनंदन करायला न्यूझीलंडच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले. नोव्हेंबर २०२४ला तोच एजाज ११ बळी घेऊन आपल्याला २५ धावांनी हरवून गेला, मालिका ३-०. असा घाव घालणाऱ्याचं कौतुक करायला जिगर लागते आणि मुंबईकर प्रेक्षकाकडे ती आहे. तुमच्या निवेदकाने आणि डीजेने तिला साथ द्यावी. पाहुण्या संघाच्या शतकाची, पाच बळींची घोषणा आपल्या खेळाडूच्या घोषणेइतक्याच आवाजात व्हावी. वंशावरून किंवा धर्मावरून कुणी काही ओरडला तर कुठे सांगायचं, तो नंबर प्रत्येक स्टँडमध्ये ठळक लिहिलेला असावा.

तिसरं, विश्वनाथ. स्टेडियममध्ये तुम्ही पुतळे उभे केलेत, स्टँडना नावं दिलीत, २०११च्या विश्वचषकातला धोनीचा षटकार जिथे पडला ती जागाही जपलीत. सगळं योग्यच केलंत. आता १९८०च्या त्या कसोटीचा धावफलक, पराभवासकट, एका मोठ्या फलकावर ठळक जागी लावा. टेलरला परत बोलावल्याची हकिगत खाली चार ओळींत लिहा आणि त्या फलकाच्या अनावरणाला विश्वनाथ यांनाच बोलवा. त्या दिवशी शालेय संघांच्या कर्णधारांना पहिल्या रांगेत बसवा. आईवरून बोललं गेल्यावर कोचकडे बघणाऱ्या त्या कर्णधारालाही तिथे आणायची जबाबदारी मी घेतो.

ऑगस्ट २०२५मध्ये ओव्हलवर इंग्लंडला १७ धावा हव्या असताना ख्रिस वोक्स निखळलेला खांदा स्वेटरखाली बांधून अकराव्या क्रमांकावर आला. पळताना प्रत्येक धावेला त्याचा चेहरा वेदनेने पिळवटत होता. याच वोक्सच्या चेंडूवर मँचेस्टरला ऋषभ पंतच्या पायाचं हाड मोडलं होतं, आणि पंत लंगडत परत फलंदाजीला आला तेव्हा तिथले इंग्लिश प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वोक्ससाठी आपण गोलंदाजी सैल केली नाही. सिराजने ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला, आपण ६ धावांनी जिंकलो, आणि मग आपले खेळाडू जाऊन वोक्सला भेटले. तुमच्या मैदानांवरच्या मुलांकडून मला एवढंच हवं आहे, आणि ते तुम्ही मनात आणलं तर येत्या हंगामापासून सुरू होऊ शकतं. वरच्या तिन्ही मागण्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात आणि निर्णय काय झाला तो जाहीर करावा, ही विनंती.

आपला,
मुंबईच्या मैदानांवरचा एक पंच